शनीपर्यंतचा उजेड

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं आमच्या घराण्यात सगळे म्हणतात. लग्न असो, बारसं असो, अगदी दहावा असो — जेवणं उरकली की मला मधोमध बसवतात. "बाळूदादा, ती आत्याच्या शेळीची सांग ना." मी सांगतो. थोडं मीठ लावतो, थोडी फोडणी देतो. लोक हसतात, पोरं लवंडतात, आणि मला वाटतं, आपण काही अगदीच फुकट गेलो नाही.

पण एक गोष्ट पोटात राहिली आहे. बायकोला ठाऊक नाही. देवापुढे मी रोज हात जोडतो, पण त्यालाही स्वतः होऊन सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सोयऱ्यांत नाही. नाही ना? एकदा आठवून बघा. अंबडकडे कुणी दिलंय का तुमच्यात? नाही? मग ठीक आहे. तरी दार जरा लोटून घ्या.

सुरुवात गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलताना मला भीती कमी वाटते.

गाडी जुनी. कधी काळी पांढरी. डावं दार आतूनच उघडतं, म्हणून त्या बाजूला बसणाऱ्याला आधी माझ्या सीटवरून सरपटत जावं लागतं. पाहुण्यांना मी सांगतो, ही चोरांसाठी सोय आहे. मी अंबडला जिनिंगच्या वजनकाट्यावर असतो. दिवसभर दुसऱ्याच्या कापसाचं वजन बघायचं आणि संध्याकाळी गावी यायचं, एवढंच माझं कर्तृत्व. गाडी येण्याआधी मी घराण्यात 'काट्यावरचा बाळू' होतो. गाडी आली आणि मी दादा झालो. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला बघायला पाहुणे आणायचे, कुणाच्या अस्थी घेऊन नदीवर जायचं — सगळीकडे दादा. एवढी किंमत मला आयुष्यात दुसऱ्या कशाने आली नव्हती. हे लक्षात ठेवा. सबब म्हणून नाही, नुसतं लक्षात ठेवा.

मग संध्याकाळी गाडीचे दिवे मंद वाटू लागले.

मी सगळ्यांना तसंच सांगितलं — दिवे गेले, काजवे झालेत नुसते. दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या सुमनची टूथपेस्ट चोरून घासल्या. दोन दिवस गाडीच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता. बॅटरी बदलली. बल्ब बदलले. तरी दिवेलागणीच्या वेळी रस्ता असा करडा व्हायचा, की कडेचा दगड आणि कडेची म्हैस यांत फरक म्हैस उठल्यावरच कळायचा. शेजारी बसलेल्या सुमनला मात्र सगळं दिसायचं. मी तिला विचारायचो, "तुला काय दिसतंय इतक्या कमी उजेडात?" ती म्हणायची, "अहो, अजून तर दिवस हाय."

अजून तर दिवस हाय.

एक दिवस मी गाडीचा पार्ट आणतो म्हणून एसटीने संभाजीनगरला गेलो. पार्ट आणला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं आणि सांगितलं, आतल्या पडद्याचा आजार आहे, अंधारात दिसणं हळूहळू कमी होत जाईल, चष्म्याने जाणारं हे नाही, आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. बिलकुल नाही. मी मान हलवली. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. आणि परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून मोबाइलवर गाडीचे नवे दिवे शोधू लागलो.

हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणी केलं असतं तर. ज्याचे डोळे गेले त्याने गाडीचे डोळे बदलले. बल्ब घरपोच आले, पांढरेशुभ्र, मागे छोटा पंखा लावलेले. खोक्यावर लिहिलेलं — 'रात्रीचा दिवस करा'. जुन्या दिव्याच्या वाटीत तसला बल्ब बसवू नये, त्याचा उजेड नको तिकडे फाकतो, हे खोक्यातल्याच कागदावर बारीक अक्षरात होतं. ते मी दुपारच्या उन्हात वाचलं होतं, म्हणजे दिसलं नाही असंही म्हणता येत नाही.

बल्ब मीच बसवले. मग उजेड कुठे पडतो ते बघायला संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीसमोर उभी केली. त्या भिंतीवर सूर्यमाला रंगवलेली आहे. सूर्य खाली कोपऱ्यात, वर चढत चढत एकेक ग्रह. उजेड खाली पृथ्वीपर्यंत पडायला हवा, हे मलाही कळत होतं. पण तेवढ्या उजेडात मला लांबचं दिसेना. दिव्याच्या मागे बॉनेटमधून एक स्क्रू असतो, तो फिरवला की उजेड वर-खाली होतो. मी पेचकस घेतला आणि फिरवत गेलो. मंगळ. गुरू. शेवटी शनी कड्यासकट झळाळला, तेव्हा मला शाळेमागचं लिंबाचं झाड पानापानासकट दिसलं. कितीतरी महिन्यांनी झाड दिसलं हो मला संध्याकाळी. डोळ्यांत पाणी आलं. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत काय येईल, हा विचार आला का? आला. आला आणि गेला. मी जाऊ दिला.

आता तात्या.

तात्या माझे धाकटे चुलते. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबांनी जमिनी केल्या, बापांनी विहिरी खणल्या, आम्ही नोकऱ्या धरल्या, पण तात्यांनी मेंढरं सोडली नाहीत. पिकं निघाली की शेतकरी आमच्या मेंढरांना रानात बसवून घेतात — रातभर कळप शेतात बसला की लेंड्यांचं खत होतं. त्या हंगामात तात्या दिवसभर कळपाबरोबर आणि दिवस बुडताना आपल्या फटफटीवर घरी. रात्री राखणीला त्यांचा पोरगा, भागवत. तात्या सत्तरीच्या पुढचे, पण अर्ध्या कोसावरून मेंढी ओळखायचे. नुसती मेंढी नाही — तिची आई कोण, तेही.

आणि आमच्या घरची एक रीत आहे. कालव्याच्या रस्त्यावर आपलं माणूस समोरून आलं की दिव्याने राम राम करायचा. दोनदा डिप्पर द्यायचा. समोरचाही दोनदा देतो. काका-पुतण्यांची भांडणं चालू असली, तरी डिप्पर चुकत नाही. तोंडाने बोलणं बंद, दिव्याने चालू.

त्या संध्याकाळी सुमन माहेराहून भोकरदनच्या गाडीने अंबडला येणार होती. तिला स्टँडवरून आणायला मी निघालो. खरं तर तिला दिवे दाखवायला निघालो. सूर्य नुकताच बुडाला होता. बाकीच्यांसाठी अजून दिवस होता, माझ्यासाठी रात्र. पण पुढे सगळं पांढरं लख्ख, बाभळींचे शेंडे चांदीचे. मी गाणं म्हणत होतो. एवढं आठवतं.

लांबून एक पिवळा दिवा आला. लुकलुकला. दोनदा.

मी ओळखलं, तात्या. मीही दोनदा दिला. तो परत लुकलुकला. मग परत. मग सारखाच. मला वाटलं — काय वाटलं असेल मला? वाटलं, तात्या खूश झाले. म्हणतायत, वा रे पठ्ठ्या, काय उजेड केलास! म्हणून मी अप्पर लावला आणि तसाच ठेवला. बघा तात्या, पोटभर बघा.

ते म्हणत होते, बंद कर. एवढंच म्हणत होते. बंद कर, मला दिसत न्हाई.

पिवळा दिवा नाहीसा झाला. मला वाटलं, रानात वळले असतील. मी पुढे गेलो. हो, पुढे गेलो. शेजारून गेलो असेन त्यांच्या. खिडकीची काच खाली होती, म्हणून आवाज आला. कोकराचा. अगदी कोवळा, त्याच दिवशी जन्मलेल्या कोकराचा. तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला.

दिवे चालू ठेवून मी उतरलो. आणि माझ्या त्या शनीपर्यंतच्या उजेडात रस्त्याखालची चारी, म्हणजे कालव्याचा खोल पाट, काळीकुट्ट होती. सगळा उजेड झाडांच्या डोक्यांवर. मी कोकराच्या आवाजावर चाचपडत उतरलो. आधी फटफटीचं चाक हाताला लागलं, गरम. मग घोंगडी. मग तात्यांचा हात.

"कोण हाय?"

"मी, तात्या. बाळू."

"बाळ्या, तू हायस व्हय. बरं झालं तू आलास."

बरं झालं तू आलास. पन्नाशीच्या माणसाला बाळ्या म्हणणारं ते एकच माणूस आता उरलंय. त्यांचा खुबा मोडला होता. पाय वेडावाकडा पडला होता. पण कोकरू छातीशी धरलेलं होतं आणि त्याला ओरखडाही नव्हता.

मी भागवतला फोन केला. तो म्हणाला, "दादा, थांबू नको, गाडीत घाल अन् निघ अंबडला. मी आलोच मागून."

आता सांगतो. इतका वेळ गोल गोल फिरलो, ते या जागी यायची भीती वाटत होती म्हणून. अजून वाटते.

मी भागवतला म्हणालो, "गाडी बंद पडली रे."

गाडी बंद पडली नव्हती. इंजिन चालू होतं. तो आवाज फोनमध्ये त्याला ऐकू जाईल म्हणून मी मोबाइल तळहाताने झाकला. का म्हणालो? कारण मला दिसलं — अंधारात काही न दिसणाऱ्या मला हे लख्ख दिसलं — की मी त्या दिव्यांनिशी दवाखान्याच्या दारात जाईन, लोक डोळ्यांवर हात घेतील, कुणीतरी विचारील. मग डोळे तपासतील. माझे. मग चावी जाईल. मग मी काट्यावरचा बाळू.

मी गाडी बंद केली. बॉनेट उघडलं. पेचकस काढला आणि स्क्रू शोधू लागलो. दिवे लावून वाकायची छाती होईना, आणि अंधारात स्क्रू सापडेना. मोबाइलचं चार्जिंग उतरलेलं, त्याचा टॉर्चही लागेना. मागून चारीतून तात्यांचा आवाज आला, "काय झालं रे गाडीला?"

"बंद पडली, तात्या."

ते म्हणाले, "माज्या खिशात बॅटरी हाय बघ. घे. अंधारात काय दिसंल तुला?"

आणि मी घेतली.

खाली उतरलो, मोडलेल्या खुब्याच्या माणसाच्या खिशात हात घातला, त्यांची बॅटरी घेतली, आणि तिच्या उजेडात दोन्ही बाजूंचे स्क्रू खाली फिरवले. शनीवरून पृथ्वीवर. बराच वेळ लागला. तेवढा वेळ तात्या कण्हत होते, आणि मधे मधे कण्हणं थांबवून मलाच म्हणत होते, "माज्यापायी तुजी गाडी खोळंबली."

भागवत कुणाची तरी जीप घेऊन आला. त्याने आणि जीपवाल्याने तात्यांना उचललं, तेव्हा ते ओरडले. तसं ओरडणं मी मेंढराचंही ऐकलेलं नाही. जीप गेली. मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. दुसऱ्या दिवशी पांढरे बल्ब काढून विहिरीत टाकले. विचारलं कुणी तर सांगायचं म्हणून 'वायर ढिली होती' हे वाक्य पाठ करून ठेवलं. कुणीच विचारलं नाही. ही भीती मला माहीत नव्हती — न विचारण्याची.

जालन्याला ऑपरेशन झालं. तात्या सगळ्यांना सांगायचे, "समोरून उजेड आला अन् डोळ्यांपुढं पांढरं झालं बघा." ते बरोबरच सांगत होते. मी खाटेपाशी उभा होतो. मी म्हणालो, "डोळ्यांपुढं झापड आली असंल, तात्या. नजर कमी झाली. वय झालं आता." एवढंच. खाटेभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. बघता बघता उजेड गोष्टीतून गेला आणि झापड राहिली.

आणि गोष्ट सांगणारा कोण? मीच. पुढच्याच लग्नात मला मधोमध बसवलं. "दादा, तात्याला वाचवलं ती सांग." मी सांगितली. कोकराचा आवाज काढून दाखवला. बायकांनी डोळे पुसले. तात्या कुबडीवर हनुवटी ठेवून ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "हा नसता तर मी त्या चारीतच गेल्तो." तेव्हापासून ती गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल? दर वेळी वाटतं, आज कुणीतरी मधेच विचारणार — पण दादा, समोरून कोण येत होतं? आणि दर वेळी मी त्या जागेवरून जरा भरभर जातो.

अजून संपलं नाही.

तात्या कुबडीवर चालू लागले आणि म्हणाले, मेंढरांकडं जातो. भागवतला भीती वाटली. म्हणाला, "दादा, एकदा डोळे दाखवून आण. डॉक्टर बरं म्हणले तर जाऊ द्या, न्हाई तर मंग इकून टाकू मेंढरं. मला एकट्याला झेपून न्हाई राह्यलं." मी घेऊन गेलो, दिवसाउजेडी. डॉक्टरीण बाईंनी तपासलं, डोळ्यांत थेंब घातले, परत बघितलं. तात्यांना बाहेर बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, "मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. या वयाला इतकी चांगली नजर मी क्वचित बघते. काय करतात?"

मी म्हणालो, "मेंढरं राखतात."

"राखू द्या की मग," त्या हसून म्हणाल्या.

बाहेर तात्या डोळे मिटून बसले होते. मला पावलांवरून ओळखलं. विचारलं, "काय म्हणली बाई?"

राखू द्या, म्हणाली. दोन शब्द होते. पण नजर चांगली म्हटली, तर झापड कुठली? झापड नाही, तर पांढरं काय होतं? आणि तोंडातून जे आलं ते मला नवीन नव्हतं, मी ते पाठ केलेलं होतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं, शब्दाला शब्द. आतल्या पडद्याचा आजार आहे, तात्या. अंधारात कमी कमी दिसत जाणार. चष्म्यानं जायचं न्हाई.

माझे डोळे मी त्यांना देऊन टाकले.

ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तरीच." आणि मग, "जाऊ दे. तू व्हतास म्हणून बराबर कळलं."

मेंढरं गेली. टेम्पो भरत होते तेव्हा तात्या अंगणात बाजेवर बसून होते. एक मागितली त्यांनी फक्त — ते कोकरू, आता मोठी झालेली. तिच्या गळ्यात घंटा बांधली. दिसायचं कमी झालं ना, आवाजावर कळावी म्हणून.

मी अजून गाडी चालवतो. संध्याकाळी चालवायचं होता होईल तो टाळतो. कधी पोटात दुखतं, कधी टायर खराब होतो. टळत नाही तेव्हा चालवतो. सुमन शेजारी बसते, आणि हल्ली ती आपणहून बोलत असते. "खड्डा आला." "गाय हाय डावीकडं." "सायकलवाला." नुसतं असं, गप्पा मारल्यासारखं. तिने कधी विचारलं नाही. तिला कळलंय का? किती कळलंय? नुसते डोळे, की चारीसुद्धा? मी पुढे बघत राहतो. तिच्याकडे बघायची भीती वाटते, आणि पुढे काही दिसत नाही.

परवाची गोष्ट. दिवेलागणीला मी तात्यांपाशी बाजेवर बसलो होतो. मेंढी कालव्याकडे चरायला गेली होती, ती रोज आपणहून येते. तात्यांनी कपाळावर हात धरला आणि लांब बघितलं.

"आली वाटतं," ते म्हणाले. "त्या बाभळीपाशी. मान खाली घालून येऊन राह्यली. बाळ्या, हाय का रे ती? का मलाच भास?"

मी बघितलं. बाभूळ नव्हती. कालवा नव्हता. अंगणाच्या पुढे सगळं करडं. तिथे मेंढी आहे की नाही, मला कसं कळणार? पण त्यांनी मला विचारलं होतं. डोळे असलेल्या माणसाला.

"कुणी न्हाई, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी हात खाली घेतला. "असंल. आता माज्या डोळ्यांचं काय खरं?"

आम्ही बसून राहिलो. मग घंटा वाजली, आधी लांब, बाभळीच्या बाजूला, मग जवळ, आणि मग माझ्या गुडघ्याला तिचं ओलं नाक लागलं. तात्यांनी हात पुढे केला, तिचे कान चाचपले — बघितले नाहीत, चाचपले — आणि म्हणाले, "आत्ता आली."